आठ मिलिमीटरची बाहुली

तिसरं रीडिंगही आठ पॉइंट एक आलं.

डार्करूमचं दार बंद होतं. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला होता. परमेश्वर उगले मशीनच्या पट्टीवर हनुवटी टेकवून बसला होता. त्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून मी दहा मिनिटं थांबले होते आणि मगच मोजलं होतं. उजवा आठ पॉइंट एक. डावा आठ पॉइंट दोन.

“झालं का मॅडम?” तो म्हणाला. “मंग ऑपरेशन या शनवारी होईन ना?”

मी लाइट लावला आणि आकडे केसपेपरवर लिहिले.

मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चष्म्याचा नंबर काढणं आणि डोळ्याची मापं घेणं हे माझं काम. जालन्यातल्या एका खासगी नेत्र रुग्णालयात तेवीस वर्षं हेच करते आहे. लेझरचं मशीन आमच्याकडे नाही. तपासणी सगळी इथे होते, आणि आमचे सर्जन डॉ. सोनटक्के शनिवारी पेशंट संभाजीनगरला नेऊन ऑपरेशन करतात. निर्णय त्यांचा, मापं माझी. पण माप चुकलं की निर्णय चुकतो, हे मला फार पूर्वी कळलं आहे. कसं कळलं ते पुढे सांगते.

आधी बाहुलीबद्दल. डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका दिसतो ती बाहुली. खरं तर तो ठिपका नाही, भोक आहे. उजेड त्यातून आत जातो. उन्हात ते आकसतं, अंधारात पसरतं. बहुतेकांचं अंधारात सहा-सात मिलिमीटरपर्यंत जातं. काहींचं आठ होतं. हा आजार नव्हे. कुणाचं कपाळ मोठं असतं तसंच.

लेझरने नंबर घालवतात तेव्हा बाहुलीच्या पुढचा जो पारदर्शक पडदा आहे, ज्याला आम्ही कॉर्निया म्हणतो, त्याच्या मधल्या गोलाला नवा आकार देतात. हा गोल साधारण साडेसहा मिलिमीटरचा असतो. दिवसा बाहुली तीन-चारची असते, त्यामुळे उजेड सगळा दुरुस्त केलेल्या भागातूनच येतो. अंधारात बाहुली त्या गोलापेक्षा मोठी झाली तर बाहेरच्या, दुरुस्त न केलेल्या कडेतूनही उजेड आत शिरतो. मग दिव्याभोवती वलयं दिसतात, किरणं फुटतात. काहींना थोडं, काहींना खूप. मोठ्या बाहुलीच्या पुष्कळ लोकांना काहीच होत नाही, हेही खरं आहे. कुणाला होईल आणि कुणाला नाही, हे आधी छातीठोक सांगता येत नाही.

मग गोलच मोठा का करत नाहीत, असं पेशंट विचारतात. गोल रुंद करायचा तर मध्ये खोलही जास्त जावं लागतं. आणि कॉर्निया असतो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. परमेश्वरचा नंबर मायनस साडेसहा, म्हणजे बराच. कॉर्निया अर्ध्या मिलिमीटरहून जरासा कमीच. गोल आठचा केला असता तर मागे जे उरलं असतं ते धोक्याच्या रेषेखाली गेलं असतं.

“काल-परवा कुणी डोळ्यात थेंब घातले होते का?” मी विचारलं. तपासणीच्या थेंबांनी बाहुली मोठी होते.

“न्हाई.”

“सर्दीची गोळी? झोपेची? दुसरी कुठली?”

“बिलकुल न्हाई मॅडम. कामून?”

“बाहुली मोठी आहे तुमची. सरांशी बोलावं लागेल.”

त्याचा चेहरा पडला. “कंपनीत कॅम्प झाल्ता. तिथं तर म्हणले, होऊन जाईन.”

कॅम्पची चिठ्ठी त्याच्याकडे होती. तीत नंबर होता आणि ‘लेझरसाठी योग्य’ असा शेरा होता. बाहुलीचं माप नव्हतं. कॅम्पमध्ये अंधार कुठून आणणार?

“तुम्ही काय काम करता?” हा प्रश्न मी तेव्हा विचारला. खरं तर पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. केसपेपरवर ‘नोकरी’ एवढंच लिहिलं होतं.

“क्रेन चालवतो. स्टीलच्या कंपनीत.”

परमेश्वर मूळचा कुंभार पिंपळगाव या गावचा. वय अठ्ठावीस. आयटीआय करून जालन्याच्या एमआयडीसीत लागला आणि सहा वर्षांत खालच्या कामावरून वर क्रेनच्या केबिनमध्ये गेला. जालन्यात भंगार वितळवून सळई करणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. भट्टीत लोखंड वितळलं की ते एका मोठ्या बादलीत ओतून घेतात. तिला लॅडल म्हणतात. माणूस आत उभा राहील एवढी ती असते. ही भरलेली बादली उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला नेणं हे परमेश्वरचं काम. कंपनीत या क्रेनवर बसणाऱ्याला मान असतो. खालचे लोक त्याच्या हातावर भरवसा ठेवून उभे असतात.

“दीड महिन्याखाली असं झालं,” तो म्हणाला. “लॅडल भरेल होती. उचलून चालून राह्यलो होतो. घाम आला अन् चष्मा नाकावरून घसरला तो खालीच पडला. मला काहीच दिसंना. नुस्तं लाल लाल, पसरेल. खाली तिघं जण होते, मॅडम. ते कुठं हायेत तेच कळंना.”

“मग?”

“हात सोडून दिले. हँडल सोडलं की क्रेन थांबती. थांबली, पण लॅडल हालून राह्यली. झोका घेती ना ती. मी वरून आरडलो, हटा, हटा. पळाले सगळे. थोडं सांडलं, पण कोणावर न्हाई.”

सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं होतं, चष्मा काढ नाहीतर क्रेनवरून उतर. तेव्हापासून तो खाली, गेटजवळच्या कामावर होता.

“म्हणून करायचंय,” तो म्हणाला. “हौस म्हणून न्हाई.”

लेझर मागणारे बहुतेक लोक आमच्याकडे लग्न ठरायच्या आधी येतात किंवा भरतीच्या आधी. त्यांना समजावणं सोपं असतं. हा माणूस मात्र कुणाच्या तरी अंगावर लोखंड सांडू नये म्हणून आला होता. चष्मा हाच त्याच्यासाठी धोका होता. त्याला नुसतं ‘नको’ म्हणून पाठवणं म्हणजे तो धोका त्याच्या नाकावर तसाच ठेवणं होतं.

बुधवारी सर आले तेव्हा मी पेपर पुढे ठेवले.

त्यांनी आकडे पाहिले. “साडेसहाचा गोल घेतला तर कॉर्निया पुरतोय, खरात मॅडम. आणि हल्लीच्या मशीनमध्ये गोलाची कड पूर्वीसारखी तुटक नसते, उतरती असते. नुसत्या बाहुलीवरून आपण आता नाही म्हणत नाही.”

“माहीत आहे, सर. हा क्लार्क असता तर मीही बोलले नसते. पण हा अंधाऱ्या शेडमध्ये वितळलेलं लोखंड उचलतो. त्या लॅडलभोवती वलय आलं तर?”

सर हसले नाहीत. विचार करून म्हणाले, “लॅडल समोर असताना डोळ्यावर एवढा उजेड असेल की बाहुली लहानच होईल. मग वलय कुठून येणार?”

मी पुन्हा आठ पॉइंट एकच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“तुम्ही ती शेड पाहिलीय का?” सरांनी विचारलं.

“नाही.”

“मीही नाही. मग आपण दोघं अंदाजाने बोलतोय. आधी बघून या.”

तेवीस वर्षांत पेशंटच्या कामाच्या जागी जायची माझी ती पहिलीच वेळ.

दोन दिवसांनी, दुपारी, मी आमचा हातात धरायचा प्युपिलोमीटर घेऊन एमआयडीसीत गेले. बाहुली मोजायचं हे छोटं यंत्र. अंधारात मोजता यावं म्हणून डोळ्याला न दिसणारा उजेड वापरतं. सुपरवायझर आधी नाखूश होता. परमेश्वरनं त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण मला हेल्मेट आणि जाड कोट मिळाला आणि लोखंड ओतायच्या आधी अर्धा तास वर जायची परवानगीही.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. आत शिरले आणि क्षणभर मला काहीच दिसेना. छत काळं, भिंती काळ्या, जमीन काळी. उंचावर चार-दोन दिवे, त्यांच्यावर धुराची पुटं. एका टोकाला भट्टीचं तोंड लाल. बाकी शेड म्हणजे भर दुपारी अंधार. मी लोखंडी शिडी चढून केबिनमध्ये गेले. परमेश्वर मागून आला. क्रेन बंद होती. तो दीड महिन्यानं त्या खुर्चीत बसत होता. बसताना त्याने खुर्चीच्या पाठीला हात लावून तोच हात कपाळाला लावला.

“कुठे बघावं लागतं ते सांगा,” मी म्हणाले.

“आधी तिकडं.” त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “रिकामी लॅडल तिथं असती. तिला दोन बाजूंनी कान हायेत. हूक दोन्ही कानांत बराबर बसला का न्हाई, ते पाहायचं. खालचा माणूस हात वर करतो, मंग उचलायची. एक कान जरी सुटेल राह्यला न्...” त्याने तळहात एकदम तिरका करून दाखवला.

मी पाहिलं. तो कोपरा शेडमधला सगळ्यात अंधारा होता आणि त्याच्या अगदी पाठीमागे एकच झगझगीत दिवा होता. लॅडलचा कान, हूक, खुणेचा हात, सगळं त्या दिव्याच्या पुढ्यात.

त्याला तिकडे बघायला लावून मी मोजलं. दोनदा यंत्राने एरर दाखवली, बहुतेक उष्णतेमुळे. तिसऱ्या वेळी आकडा आला. सात पॉइंट चार.

मग भट्टीतून लोखंड ओतलं गेलं. क्रेनवर दुसरा ऑपरेटर बसला आणि आम्ही दोघं पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहिलो. लॅडल भरत असताना मी पुन्हा मोजलं. चार पॉइंट आठ.

म्हणजे सरांचं बरोबर होतं. भरलेली लॅडल समोर असताना बाहुली लहान होत होती. मला ज्या क्षणाची भीती वाटत होती, तो तितका धोक्याचा नव्हता. पण त्याच्या आधीचा क्षण, हूक कानात बसतो तो, धोक्याचा होता. त्याचा आम्ही दोघांनीही विचार केला नव्हता.

आणखी एक गोष्ट तिथे दिसली. निघताना परमेश्वरने हेल्मेट घातलं तेव्हा हेल्मेटच्या आतल्या पट्ट्याने चष्म्याच्या दोन्ही काड्या वर उचलल्या गेल्या. चष्मा कानावर टेकतच नव्हता. नुसता नाकावर होता, आणि नाकावर घाम. मी त्याचा चष्मा चारदा तपासला होता. काचा, नंबर, सेंटर, सगळं. पण थंड खोलीत, डोक्यावर काही नसताना.

“हेल्मेट घातल्यावर असाच राहतो का?” मी विचारलं.

“हां. हेल्मेट काढून बसता येत न्हाई ना.”

मी ते लिहून घेतलं.

सोमवारी तो ओपीडीत आला. मी त्याला सगळं समजावलं. कागदावर गोल काढून दाखवला, कड दाखवली. हेल्मेटखाली बसणारा, मागून पट्टा असलेला नंबरचा सेफ्टी गॉगल करता येईल, हेही सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“गोल दिसन म्हणता, तर दिसू द्या. मी सवय करून घेईन.” तो हट्टाला पेटला होता. “तुम्ही न्हाई केलं तर मी पुण्याला जाईन. कोणी तरी करीनच की.”

कोणी तरी करेल, हे खरं होतं. तिथे हा कामाबद्दल बोलणार नाही आणि कोणी विचारणारही नाही. कागदावरचं वर्तुळ बघून कुणाला भीती वाटत नाही. मला एक माणूस माहीत होता, जो हे माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकला असता. त्याला बोलावणं मला सोपं नव्हतं.

तो माणूस म्हणजे युनूसभाई, मंठा गावचे. आठवडी बाजारांत स्टीलची भांडी विकतात. एक दिवस आष्टी, एक दिवस कुंभार पिंपळगाव, असे त्यांचे बाजार ठरलेले आहेत. स्वतःची पिकअप गाडी, स्वतः चालवायचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांचं लेझर आमच्यातर्फे झालं. बाहुली मी मोजली होती. तेव्हाच्या आमच्या डार्करूमला वर एक झरोका होता आणि त्याच्यावर पुठ्ठा लावलेला होता. त्या दिवशी पुठ्ठा सरकलेला होता. मला ते दिसलं होतं. बाहेर पेशंटची रांग होती. एवढ्याशा उजेडाने काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं आणि मोजलं. सहा आलं. सहा लिहिलं.

ऑपरेशन उत्तम झालं. नंबर गेला. महिन्याभराने युनूसभाई आले आणि म्हणाले, अंधार पडला की गाडी चालवता येत नाही, समोरून ट्रक आला की सगळा रस्ताच पेटल्यासारखा होतो. थोडे दिवस थांबा, कमी होईल, असं सांगितलं गेलं. बऱ्याच जणांचं होतंही. त्यांचं झालं नाही. दीड वर्षाने मी त्यांची बाहुली पुन्हा मोजली, या वेळी पूर्ण अंधारात. सात पॉइंट नऊ.

मी सरांना सांगितलं. मग युनूसभाईंना सांगितलं, की माप माझं चुकलं होतं. ते खुर्चीत बसून होते. केसपेपर घडी करून खिशात घातला आणि निघून गेले. सहा महिन्यांनी बाहुली लहान करणाऱ्या थेंबांसाठी परत आले. थेंबांनी थोडा फरक पडतो. तेव्हापासून वर्षाला एकदा येतात. माफ केलं, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

मी फोन केला. सगळं सांगितलं.

“पोराला समजावायचंय म्हणता,” ते म्हणाले. पुटपुटत त्यांनी बाजाराचे वार मोजले. मग म्हणाले, “येतो. गुरुवारी बाजार न्हाई.”

गुरुवारी आम्ही तिघं डार्करूममध्ये होतो. युनूसभाईंनी परमेश्वरला नाव-गाव विचारलं. कुंभार पिंपळगाव ऐकून म्हणाले, “तुमच्या बाजारात बसतो मी. पहिलं दिवेलागणीपर्यंत बसायचो, गिऱ्हाईक तेव्हाच येतं शेतातून. आता चारला आवरतो. अंधाराच्या आत घरी पोचलं पाहिजे ना.”

“दिवसा कसं दिसतं, चाचा?”

“दिवसा एकदम बराबर. चष्मा न्हाई, काही न्हाई. झूट कामून बोलू? सकाळी उठलो न् घड्याळ दिसलं, तर आजबी बरं वाटतं.”

परमेश्वरने माझ्याकडे पाहिलं. ऐकलंत ना, असं त्या नजरेत होतं.

मी दोघांना खोलीच्या एका टोकाला उभं केलं. परमेश्वरला त्याचा चष्मा लावायला सांगितला. लाइट बंद केला आणि दहा मिनिटं आम्ही अंधारात तसेच थांबलो. मग दुसऱ्या टोकाच्या स्टँडवर मी डोळे तपासायचा बारीक टॉर्च लावला, त्यांच्याकडे तोंड करून. टॉर्चच्या शेजारी, वीतभर अंतरावर, मी माझा हात वर केला.

“परमेश्वर, किती बोटं?”

“तीन.”

“युनूसभाई?”

त्यांचं पाऊल पुढे सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “हात वर केलाय का तुम्ही?”

परमेश्वर वळून त्यांच्याकडे बघत राहिला. तेवढ्या उजेडात मला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण चष्म्याच्या काचेवर टॉर्चचा ठिपका सरकलेला दिसला.

“चाचा, हात न्हाई दिसून राह्यला?”

“न्हाई बाबा. उजेडाचा हे एवढा गोळा दिसतो.” त्यांनी दोन्ही हात ताटाएवढे पसरले असावेत, कपड्याचा आवाज आला. “त्याच्यातून काटे निघतात, बाभळीसारखे. काट्यांच्या मागं काय हाय ते न्हाई दिसत.”

“माणूस उभा असला तर?”

“तेच तर सांगून राह्यलो. माणूस हाय का न्हाई, हेच कळत न्हाई.”

मी लाइट लावला. माझा हात अजून वर होता. नऊ वर्षांत मी युनूसभाईंच्या त्रासाची नोंद कितीदा तरी लिहिली होती: ‘रात्री वलयं, मध्यम’. त्या दिवशी त्यांच्यासमोर हात वर करून उभी राहिले आणि त्यांच्यासाठी मी तिथे नव्हतेच. मध्यम हा शब्द मी कशावरून लिहीत होते, देव जाणे.

परमेश्वर स्टुलावर बसला. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला. मग म्हणाला, “ते तिघं व्हते ना खाली, त्यातला एक माझ्या लग्नात आल्ता. माझ्याच गावचा हाय.”

युनूसभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुला झालंच असतं असं न्हाई. पण झालं असतं तर तुला एकट्याला न्हाई झालं असतं.”

जाताना मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. आभार मानायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “थेंबाची चिठ्ठी लिहून ठेवा मॅडम, संपत आलेत.” मी लिहून दिली.

पुढच्या बुधवारी सरांनी स्वतः परमेश्वरला बसवून सांगितलं. मी केबिनमधलं रीडिंग, कोपऱ्यातला दिवा, सगळं त्यांना दिलं होतं. “तुम्ही दुसरं काम करत असता तर मी कदाचित केलं असतं,” सर म्हणाले. “या कामासाठी नाही करणार. डोळ्याच्या आत बसवायची लेन्स असते, पण तिलाही कड असते. बाहुली तिच्याहूनही मोठी होते. कॉन्टॅक्ट लेन्स त्या धुळीत आणि धगीत नको. गॉगल करा.”

त्याने वाद घातला नाही.

गॉगल करायला तीन आठवडे गेले. पहिला हेल्मेटच्या पट्ट्याला लागत होता. दुसऱ्यात वारा जायला जागा कमी होती, वाफ धरायची. तिसरा बसला. मी ओपीडीत त्याला हेल्मेट घालायला लावलं, मान जोरात हलवायला लावली, वाकायला लावलं. गॉगल जागचा हलला नाही. मी कंपनीला लेखी दिलं की या गॉगलने याची नजर कामाला पूर्ण आहे. कोपऱ्यातला तो दिवा लॅडलच्या मागून काढून वरच्या बाजूला लावा, असंही लिहिलं. ते माझं काम नव्हतं, पण लिहिलं. त्यांनी दिवा हलवला, असं नंतर कळलं.

मला वाटलं, प्रश्न सुटला.

महिन्याभराने परमेश्वर फॉलोअपला आला. गॉगल नव्हता, साधा चष्मा होता. मी फाइल उघडली.

“गॉगल त्रास देतो का?”

“न्हाई मॅडम. गॉगल बराबर हाय. एकदम बराबर.” त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मीच बराबर न्हाई.”

सुपरवायझरने त्याला पुन्हा क्रेनवर चढवलं होतं. रिकामी लॅडल त्याने नीट उचलली. हूक दिसला, कान दिसले, खालचा हात दिसला. मग लॅडल भरली. सगळं स्वच्छ दिसत होतं. खालचे तिघंही दिसत होते.

“मला हँडलच ढकलता येईना,” तो म्हणाला. “हात ठेवेल होते, पण चालेनात. खालून वरडून राह्यले, चल, चल. मी नुस्ता पाहून राह्यलो त्यांच्याकडं. शेवटी दुसऱ्याला वर बोलावलं.”

आता तो बाहेर, भंगाराच्या यार्डातल्या क्रेनवर होता. मोठ्या चुंबकाने भंगार उचलून ट्रकमधून काढायचं. उघड्यावर, उन्हात. तिथे मान कमी. खाली माणसं नसतात.

“मला वाटल्तं, चष्मा गेला का सगळं पहिल्यासारखं होईन,” तो म्हणाला. “म्हणून मी जल्दी करून राह्यलो होतो. डोळ्याचं नव्हतंच ते. ना?”

मी डोळ्यांची माणूस. “थोडं डोळ्याचंही होतं,” मी म्हणाले. ते खरं होतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे एकदा जाऊन या, म्हणून चिठ्ठी दिली. तो गेला की नाही मला माहीत नाही. मी त्याचा नंबर तपासला. फरक नव्हता. सहा महिन्यांनी या, असं लिहिलं.

तो दाराशी गेला आणि वळून म्हणाला, “लेझर केलं असतं, तरी हेच झालं असतं न् मंग?”

“कदाचित.”

“मंग बरं झालं, न्हाई केलं ते.”

बरं झालं की नाही, मला सांगता येत नाही. सरांनी नकार दिला तो योग्यच होता, एवढं सांगता येतं. त्या नकाराने त्याला हवी असलेली खुर्ची परत मिळाली नाही, हेही तितकंच खरं आहे.

आता कुणी लेझरसाठी आलं की मी नंबर काढायच्या आधी तीन गोष्टी विचारते: काम काय करता, कुठे करता, आणि तिथे डोक्यावर-डोळ्यांवर काय घालता. पेशंट कंटाळतात. रांगेतले लोक दारातून डोकावतात. बाहुली पूर्ण अंधारातच मोजायची, घाई असली तरी, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. ते शिकायला एक दिवस पुरतो. आलेला माणूस नेमकं काय काढून टाकायला आलाय, हे विचारायला मात्र मला तेवीस वर्षं लागली, आणि अजूनही दर वेळी ते जमतंच असं नाही.